वीणेच्या खोलीतलं मडकं

परवा दुपारी बंद खोलीतून एकदम ‘टण्’ असा आवाज आला. मी ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. हे शेतात, पोरं कॉलेजला, जाऊ कळमनुरीच्या बाजाराला गेलेली. माणूस नसलेल्या खोलीतून आवाज आला की बाकीच्या बायका आधी मांजराचं नाव घेतात. मी आधी माणसाचं घेते. मांडीवरचं सूप खाली ठेवलं, चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं जाऊन दार झटकन उघडलं.

आत कुणी नव्हतं. भिंतीतल्या मेखेला वीणा टांगलेली होती. तिच्यावर गुंडाळलेल्या जुन्या लुगड्याचा पदर सुटला होता आणि एक तार ढिली पडून लोंबत होती. मी दारामागं पाहिलं, पोत्यांच्या मागं पाहिलं, वर आढ्याकडेही पाहिलं. मग माझं मलाच हसू आलं. थंडी आली होती, एवढंच. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, तार ताणून धरणारी खुंटी आपल्या भोकात सैल होते, आणि तार तिला उलटी फिरवून मोकळी होते. गावात बाकीच्यांना थंडीची वर्दी कानटोपीवाला देतो, आमच्या घरी वीणा देते.

हसू आलं खरं, पण दार लावताना कडी नीट बसली का ते मी पुन्हा ओढून पाहिलंच.

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी लपवत नाही, लपवून उपयोगही नाही, कारण गावाला ते कधीचंच ठाऊक झालेलं आहे. दूध आज दाट लागलं की काल पातळ होतं हे मला आठवतं. फोनवर कुणी ‘सहजच केला’ म्हणालं की मी पुढच्या वाक्याची वाट पाहते. आणि कुणी फार गोड बोलायला लागलं, तर मी त्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहते. तोंड काहीही बोलू शकतं, हात काय करताहेत ते खरं.

हा वारसा माहेरचा. माझं माहेर कुरुंद्याचं. वडील भजनात पेटी वाजवायचे, आणि त्या जुन्या सागवानी पेटीवर त्यांचा आमच्याहून जास्त जीव होता. आपल्यामागे पेटी कुणी उघडली तर कळावं म्हणून ते झाकणाच्या फटीत हळदीच्या पानाचा एवढासा तुकडा अडकवून ठेवायचे. तुकडा खाली पडलेला दिसला की आम्हा भावंडांना ओळीनं उभं करून चौकशी चालायची. थंडीच्या दिवसांत मात्र ते पेटीशेजारी पाण्यानं भरलेली लोटी ठेवत. ‘कोरड्या हवेत लाकडाला बी तहान लागते,’ म्हणायचे. मला वाटायचं, आम्ही झोपलो की पेटी उठून पाणी पीत असणार, कारण सकाळी लोटीतलं पाणी खरोखरच कमी झालेलं असायचं. आयुष्यात पहिला संशय मी घेतला तो त्या पेटीवर.

लग्न होऊन मी आले ती डोंगरकड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या या गावात. इथली थंडी कुरुंद्यासारखीच, कोरडी ठणठणीत. ओठ फुटतात, टाचा उलतात, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय धार धरत नाही. शेतातल्या हळदीची पानं पिवळी पडून माना टाकतात. पावसाळ्यात फुगून अडलेली दारं आता आपोआप उघडतात आणि मला उगाच दचकवतात. बाजेचे पाय कुरकुरतात. कुऱ्हाड उगारली की पातं दांड्यावर डुगडुगायला लागतं. मग ती पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवायची. लाकूड फुगतं, दांडा गच्च बसतो. हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं.

ही वीणा देवळाची, पण राहते आमच्या घरी. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी ती देवाला दिली आणि देवानं ती सांभाळायला परत त्यांच्याकडेच दिली, असं सासरे सांगत. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात, मीही तेच म्हणत आले. खाली मोठा भोपळा, भोपळ्यावर बसवलेली लाकडाची पातळ तबली, तिथून वर निघालेली लांब दांडी आणि टोकाला खुंट्या. हातांनी धरधरून दांडी इतकी गुळगुळीत झाली आहे की ती लाकडाची आहे हे सांगावं लागतं. पौषात गावात सप्ताह बसतो तेव्हा वीणा वाजतगाजत देवळात जाते. ते सात दिवस ती कुणा ना कुणाच्या गळ्यात असते, क्षणभरही जमिनीला टेकत नाही. ती गळ्यात घेऊन उभं राहायच्या पाळीला पहारा म्हणतात. सप्ताहाचा पहिला पहारा मामांचा, कारण वीणा त्यांच्या घरची. मामांना शेतीत, राजकारणात, लग्नातल्या मानपानात कशात म्हणून रस नव्हता. त्यांना जगात हवा होता तो हा एक पहारा.

मी नवी नवरी होते तेव्हा आमच्याकडे कापूस असायचा. दिवाळीनंतर ही खोली कापसानं भरून जायची आणि वीणा त्यात पुरून ठेवलेली असायची, खुंट्या तेवढ्या वर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात कापूस दाबायला म्हणून आत उतरले, हाताला काहीतरी लांब, थंड, गुळगुळीत लागलं आणि मी किंचाळले. मला वाटलं ढिगात कुणी तरी लपून बसलं आहे. मामा दारातून म्हणाले, “भिऊ नको माय, वीणा हाय ती. निजून राहिली.” त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, म्हणजे मी हळू बोलावं. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. पुढे बोंडअळीला कंटाळून आम्ही कापूस सोडला, हळद आणि सोयाबीन धरलं. ढीग गेला, खोली रिकामी झाली, वीणा मेखेला टांगली गेली. आणि मग एका थंडीत तबलीवर केसाएवढी चीर दिसली.

काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मला आठवतो तो याच चिरेमुळे. मार्गशीर्षात भजनी मंडळाचे गंगाधरराव वीणा पाहायला आले. चिरेवरून अंगठा फिरवत म्हणाले, “आबा, वाढून राहिली ही. पौषापत्तोर अशीच वाढली तर तबली बसंल खाली. आमी नवी आणतो. हिला देवळात काचेत ठेवू, मानानं.”

“काचेत काहून?” मामा म्हणाले. “मेलं का कोणी?”

गंगाधरराव हसले. मामा हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण नवी वीणा गंगाधररावांचे व्याही देणार आहेत हे माझ्या कानावर आलं होतं, आणि वीणा ज्याची त्याचा पहिला पहारा हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. गंगाधरराव गेले तसे मामा वीणेसमोर बसून राहिले. चहा निवून गेला तरी उठले नाहीत. त्या वर्षी त्यांचा खोकला वाढला होता. कळमनुरीच्या डॉक्टरनं धूर वर्ज्य सांगितला होता. शेगडी नको, चूल नको, हुरड्याच्या आगटीजवळसुद्धा बसायचं नाही. जगायला एवढं सगळं सोडल्यावर पहाराही सोडायचा, याचं मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

मला वडिलांची लोटी आठवली. मी मामांना म्हटलं, वीणेपाशी पाणी ठेवून पाहू या का, आमच्या कुरुंद्याला पेटीपाशी ठेवायचे.

“कुरुंद्याची पेटी येगळी, देवाची वीणा येगळी,” मामा म्हणाले. “थंडीत उशाला पाणी ठेवतं का कोणी? लेकराजवळ ठेवशील तू?”

सासरी माहेरचं शहाणपण चालत नाही, हे मला तोवर पुष्कळदा कळून चुकलं होतं. मी वाद घातला नाही. एक लहान मडकं घेतलं, काठोकाठ भरलं आणि वीणेखाली पोत्याच्या आडोशाला ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मडकं अंगणात पालथं पडलेलं होतं. तुळस मात्र चिंब भिजलेली.

मी पुन्हा भरून ठेवलं. पुन्हा पालथं. मी जागा बदलली, दाराच्या मागं ठेवलं. तिथूनही उचललेलं. एखादं मांजर मडकं सांडतं, पण तुळशीला नेऊन घालत नाही. घरातलं कुणीतरी मुद्दाम करत होतं. आणि घरात संशय घ्यावा अशी जागा मला एकच दिसत होती, ती म्हणजे कांता, माझी धाकटी जाऊ. तिनं दिवाळीतच सहज म्हणाल्यासारखं म्हटलं होतं, “ताई, वीणा देवळात गेली तर गव्हाच्या कोठ्या इथं मावतील.” तिला ते लक्षातही नसेल. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं.

मग खोलीत ओव्याचा वास यायला लागला. आमच्याकडे ओव्याच्या धुराचा वास एकाच घरातून येतो, जिथं बाळंतीण असते. तिच्या बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, लेकराला आणि आईला शेक. वास आला की शेजारीण विचारते, काय झालं, पोरगा की पोरगी? आमच्या घरात तर पाळणा हलून कितीतरी वर्षं झाली होती. आणि वीणेच्या तारांवर मला राखेचे पांढुरके कण दिसले. माझं डोकं तिथून कुठे कुठे गेलं ते आता सांगायलाही लाज वाटते. अंगारा-धुपारा, करणी, कुणाचा तरी नवस. डी.एड. झालेली बाई मी, नोकरी लागली नाही ही गोष्ट वेगळी, पण त्या वासानं माझं सगळं शिक्षण पार गुंडाळून ठेवलं.

स्वयंपाकघरात मी खडा टाकून पाहिला. “कांता, ओवा लई लवकर संपून राहिला.”

“मी बी तेच म्हणनार होते,” कांता भाकरी थापता थापता म्हणाली. “तुमाला पोटाचं काही हाय का ताई? दवाखान्यात दाखवा. तकलीफ अंगावर काढू नका.”

ती फार गोड बोलली. मी तिच्या हातांकडे पाहिलं. ते भाकरीच थापत होते.

मग मी वडिलांची युक्ती काढली. हळदीच्या पिवळ्या पानाचा तुकडा दाराच्या फटीत अडकवला. सकाळची धावपळ आटोपून पाहिलं, तर तुकडा उंबऱ्याशी पडलेला. म्हणजे चोर सकाळीच येत होता, सगळे आपापल्या कामाला पांगल्यावर. आणि त्याच सकाळी पाहिलं तर चीर लांबली होती. आधी ती घोडीपर्यंत होती, घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. आता घोडीच्या पलीकडे गेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चीर अशीच पळत राहिली तर पौषात गंगाधररावांचं खरं होणार होतं, आणि मामा देवळात पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसणार होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुरीला चालले,” आणि विळा घेऊन निघाले. निंबाच्या वळणापर्यंत गेले, तिथून मागे फिरले आणि गोठ्याच्या बाजूनं आत शिरले. गोठ्याच्या दाराआड कुणीतरी उभं होतं. वीणेच्या खोलीकडे टक लावून. कांताच.

“तू तर दळणाला गेलतीस,” मी म्हटलं.

“अन् तुमी तुरीला,” ती म्हणाली. दळणाचा डबा तिच्या पायाशी तसाच होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती मला पकडायला उभी होती हे कळायला मला क्षणभर लागलं. ओवा मी संपवते, त्या खोलीत मी काहीतरी करते, असा तिचा माझ्यावर वहीम होता. मला रागच आला. माझ्यासारख्या बाईवर संशय!

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. आम्ही दोघी दाराशी गेलो.

मामा उकिडवे बसले होते. समोर घमेल्यात निखारे होते, वर राख पसरलेली. बंबाखालचे, आंघोळीचं पाणी तापवून उरलेले. धूर लागू नये म्हणून त्यांनी उपरणं नाकातोंडाला बांधलं होतं. चिमटीनं ओवा निखाऱ्यांवर टाकत होते आणि घमेलं वीणेच्या भोपळ्याखाली थोडं इकडे, थोडं तिकडे सरकवत होते. शेक सगळीकडून सारखा लागावा म्हणून.

“लागली का ऊब?” ते वीणेला म्हणत होते. “कापूस न्हाई आता माय, काय करू. सोयाबीनात काही निजता येत न्हाई.” मग पोत्यामागे हात घालून त्यांनी माझं मडकं बाहेर काढलं आणि त्यातल्या पाण्याकडे पाहिलं. “रोज पाणी. रोज! कोणाला हिचं वाईट पाहायचंय, कोणास ठाऊक.”

कांतानं माझं मनगट धरलं. मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. दोन्ही एकदम. जन्मभर संशय घेतला, पण त्या खोलीत कधी असं काही सापडेल हे मनात आलं नव्हतं. मागे सरावं, पाहिलंच नाही असं दाखवावं, असं फार वाटलं. पण ते निखारे लाकडातला उरलासुरला ओलावा ओढून घेत होते आणि तो धूर मामांची छाती. गप्प बसले असते तर दोघंही हातचे गेले असते. मी आत पाऊल टाकलं.

मामांनी घाईघाईनं घमेल्यावर हात आडवा धरला. निखारा झाकायला हात! “डॉक्टरला सांगू नका,” हे त्यांचं पहिलं वाक्य. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता.

“मामा, ते मडकं माझं हाय.”

ते माझ्याकडे पाहतच राहिले. “तूच व्हय पाणी ठेवून राहिली? मी म्हणलं गंगाधरचा कोणी मानूस घरात येऊन राहिला.”

गंगाधरराव बिचारे. त्या सकाळी आमच्या घरातल्या तीन माणसांच्या तीन संशयांपैकी एक त्यांच्या वाट्याला आला होता.

“पाण्यानं सर्दी व्हते तिला,” मामा म्हणाले. “कापसात होती तवा कधी उलली न्हाई. ऊब होती. ऊब गेली अन् चीर पडली. इतकं तर कळतं मला.”

हे त्यांनी किती दिवस मनात घोळवलं असेल. हिशेब त्यांच्या बाजूनं बराबर होता. कापसात उबदार होती, तोवर शाबूत होती. कापूस गेला, ऊब गेली. मग जी ऊब त्यांनी आपल्या लेकरांना दिलेली पाहिली होती, तीच ते वीणेला देत होते. मला त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. पण दारातून अंगणातली बादली दिसत होती आणि त्यात त्यांनीच सकाळी उभी केलेली कुऱ्हाड.

“मामा, कुऱ्हाड पाण्यात काहून ठेवली?”

“दांडा सैल झाला म्हणून.”

“दांडा काहून सैल झाला?”

“आता थंडीच्या हवेनं वाळलं लाकूड, म्हणून...” ते थांबले. बादलीकडे पाहिलं, मग घमेल्याकडे, मग वर चिरेकडे. ओवा तडतडत होता.

“म्हणजे मीच फाडून राहिलो का हिला?” ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की मला माझ्या शहाणपणाचा तिरस्कार वाटला. 

“न्हाई मामा,” कांता म्हणाली. “तुमी जपलं म्हणून तर इतकी टिकली. थंडीनं फाटली ती.”

कांता पुन्हा गोड बोलत होती. सवयीनं माझी नजर तिच्या हातांकडे गेली. तिनं पदर दुमडून घमेल्याच्या कडा धरल्या होत्या आणि निखारे बाहेर न्यायला ती उठतही होती. त्या दिवसापासून मी कांतावर संशय घेणं सोडलं, म्हणजे बरंचसं सोडलं.

त्यानंतर वीणेची व्यवस्था उघड उघड होऊ लागली. तारा उतरवून सैल केल्या, म्हणजे तबलीवरचा ताण कमी झाला. खुंट्यांना खडू चोळला, त्या सरकायच्या थांबल्या. माझं मऊ पडलेलं सुती लुगडं तिच्यावर गुंडाळलं. “कापूसच हाय हा बी,” असं म्हणून मामांनी स्वतःची समजूत घातली. आणि मडकं. मडक्यावर मात्र त्यांचा विश्वास अखेरपर्यंत बसला नाही. रोज सकाळी बोट बुडवून पाणी किती आहे ते पाहायचे.

“कमी झालं. तू वतलं का?”

“न्हाई मामा.”

“मग कोणी पेलं?”

मी वीणेकडे बोट दाखवायची. ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे, जशी मी दूधवाल्याकडे पाहते. मडकं मी भोपळ्याच्या बराबर खाली ठेवायची. संध्याकाळी जाऊन पाहिलं की ते वीतभर मागे सारलेलं असायचं. फार जवळ असलं तर गारठा लागतो तिला, हे त्यांचं मत ते बोलून दाखवत नव्हते, नुसतं सारत होते. मी सकाळी पुन्हा जागेवर ठेवायची. आमच्यात यावर एक शब्द झाला नाही. ते मडकं त्या अख्ख्या हंगामात वीतभर पुढे आणि वीतभर मागे होत राहिलं. घरात इतकं काही घडत होतं, तुरीची मळणी, पोरांच्या परीक्षा, हळद काढायची तयारी, पण त्या दिवसांतलं मला आज स्पष्ट आठवतं ते हे मडकं.

पौष उजाडला. गंगाधरराव आले, चिरेवर अंगठा ठेवला, पुन्हा ठेवला. “थांबली वाटतं,” म्हणाले. मग नजर बारीक करून त्यांनी खोली न्याहाळली. “काय लावलं आबा? डिंक भरला का मिस्त्रीकडून?”

“काही न्हाई. पाणी पाजलं.”

गंगाधररावांचा विश्वास बसला नाही. आजही बसलेला नाही. भेटले की मला विचारतात, “खरं सांगा वहिनी, काय भरलं होतं?” मी खरं सांगते आणि ते मान हलवून निघून जातात. नवी वीणा मात्र त्या वर्षी आली नाही.

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी मामांनी वीणा गळ्यात घेतली. धुतलेलं धोतर, नवं उपरणं, पाठ ताठ. दांडी खांद्यावर टेकवून तारेवर बोट फिरवलं आणि डोळे मिटले. मी बायकांच्या बाजूला उभी होते. त्यांच्या छातीत खोकला दाटून येत होता आणि ते तो गिळत होते, हे मला दिसत होतं. पहारा संपत आला तरी पुढची पाळी ज्याची तो तुरीच्या मळणीत अडकला होता. वीणा खाली ठेवता येत नाही. मंडळी इकडे तिकडे पाहू लागली. दुपारचे पहारे बायकांना द्यायची पद्धत आमच्याकडे नुकतीच सुरू झाली होती, पण ती दुपारची. मामांनी डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

“ये माय,” म्हणाले.

वीणा देताना-घेताना एक रिवाज आहे. देणारा आणि घेणारा, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पायाला हात लावायचा. मी वाकून मामांच्या पाया पडले, पट्टा त्यांच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आला. वीणेचा भार खांद्यावर पडला, वाटला होता त्याहून हलका. तारेवर बोट फिरवलं आणि तो नाद कानांच्या आधी गळ्याखालच्या हाडाला जाणवला. चिरेपाशी एक बारीक झणझण होती, पण ती नादात मिसळून जात होती.

मग मामा वाकले. सासरा सुनेच्या पाया पडतो हे दृश्य आमच्या गावात दुसरीकडे कुठे दिसणार नाही. त्यांची बोटं माझ्या पायांना लागली, आणि रिवाजाला लागतं त्याहून जास्त वेळ तिथं राहिली. उठताना ते कानाशी म्हणाले, “पाण्याकडं ध्यान ठेव.” मी नुसती तार छेडत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

तो नुसता रिवाज होता, की मडक्याबद्दल काही म्हणायचं होतं त्यांना? मी कितीदा विचार केला आहे. बोटं थांबली ती थकव्यानं, की मुद्दाम? माणूस समोर असताना मी विचारलं नाही, कारण रिवाज म्हणून झालं असं ते म्हणाले असते तर मला ते खरं वाटलं नसतं, आणि दुसरं काही म्हणाले असते तर सोसलं नसतं. हा एक संशय मी फेडून घेतला नाही. तो मला हवा आहे.

मामांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. अंथरुणावर होते तेव्हाही थंडी पडली की खोलीच्या दिशेनं हात करून ते बोटानं बुडवल्याची खूण करायचे. मी “हाय पाणी, भरलंय” म्हणायची. त्यांचा विश्वास बसायचा नाही, मग कांता मडकंच उचलून आणून दाखवायची.

परवा खुंटी निसटल्यावर मी दुपारभर वीणेपाशीच होते. खुंटीला खडू चोळला, तार पुरती न ताणता बसवली, लुगडं नीट गुंडाळलं. चिरेवरून अंगठा फिरवला, ती आहे तिथेच आहे. मडकं धुऊन भरलं आणि भोपळ्याच्या बराबर खाली ठेवलं. जाताना काय मनात आलं कोण जाणे, परसातल्या हळदीचं पान तोडून आणलं आणि त्याचा तुकडा दाराच्या फटीत अडकवला.

काल सकाळी तुकडा जिथल्या तिथं होता. मी दार उघडलं. आत ओव्याचा वास नव्हता, राख नव्हती. मडक्यातलं पाणी बोटभर उतरलं होतं, ते उतरणारच. मडकं मात्र मी ठेवलं होतं तिथंच होतं. मी वाकून जमिनीवरची त्याची ओली गोल खूण पाहिली, एकच होती. एवढी वर्षं या घरात मी ज्या गोष्टीच्या मागावर होते, ती म्हणजे आपण ठेवलेली वस्तू कुणी हलवू नये. आता ती कुणी हलवत नव्हतं, आणि मला तिथं उभं राहवेना.

मागून कांता आली. “काय पाहून राहिल्या ताई?”

“मडकं कोणी हलवलं का ते.”

“कोण हलवणार आता?” ती म्हणाली, आणि मग तीही वाकून ती ओली खूण पाहू लागली.

काल संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी खोलीत गेले, मडकं वीतभर मागे सारलं आणि दार लावून घेतलं. आज सकाळी उठून ते पुन्हा जागेवर ठेवलं.